आरे कॉलनीत खरोखर म्हशी आहेत का? ते गोठे कसे उभे राहिले आणि तिथे कोण राहते?

आपला प्रश्न असा आहे की, आरे कॉलनीचे नाव आजवर मेट्रो आणि वृक्षतोड यांच्या बातम्यांतच वाचले; तिथे खरोखर म्हशी आहेत का, हे गोठे कशासाठी बांधले गेले आणि ते सांभाळणारी माणसे कोण.

होय, म्हशी आहेत. मी नाशिकचा पशुवैद्य आहे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आम्हाला गोरेगावला, म्हणजे आरेच्याच भागात, जावे लागे, आणि पदवीनंतर दीड वर्ष मी पश्चिम उपनगरांतल्या तबेल्यांमध्ये एका ज्येष्ठ पशुवैद्यांच्या हाताखाली काम केले. त्यानंतर माझे सारे काम सिन्नर आणि निफाड तालुक्यांतल्या गोठ्यांत झाले. शहरातला तबेला आणि गावातला गोठा असे दोन्ही मी जवळून पाहिले आहेत, आणि या दोहोंतला फरक लक्षात घेतल्याशिवाय आरेचा इतिहास उलगडत नाही, असे माझे मत आहे.

मुळात मुंबईत म्हशी आल्या त्या दूध नासते म्हणून. शीतगृहे आणि वेगवान वाहने नव्हती तेव्हा दूध काही तासांपलीकडे टिकत नसे, त्यामुळे गिऱ्हाईक जिथे असेल तिथून जवळच जनावर बांधावे लागे. नाशिकसारख्या गावाला ते जड गेले नाही, कारण गावाभोवती शेते होती आणि गवळ्यांचे दूध जुन्या नाशकातल्या दूध बाजारापर्यंत सहज पोहोचत होते. मुंबई मात्र समुद्राने वेढलेली, दाट वस्तीची आणि कुरणांपासून तुटलेली. तिथे दूध आणता येईना, म्हणून म्हैसच शहरात आणली गेली, आणि चाळींच्या शेजारी तबेले उभे राहिले.

या तबेल्यांचे गणित सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते, व्याल्यावर साधारण दहा महिने दूध देते, आणि पुढच्या वेतापर्यंत, म्हणजे पुन्हा व्याईपर्यंत, काही काळ भाकड (दूध न देणारी) राहते. आमच्या भागात भाकड म्हैस बांधावरच्या गवतावर आणि घरच्या कडब्यावर निभावून नेता येते. मुंबईत तिच्या गव्हाणीत पडणारी प्रत्येक पेंढी, सरकी पेंडेचा प्रत्येक घमेलाभर खुराक विकत घ्यावा लागतो, आणि जागेचे भाडे तर दूध असो वा नसो चालूच राहते. म्हणून तबेलेवाला सौराष्ट्रातून जाफराबादी, उत्तर गुजरातेतून मेहसाणा आणि हरियाणातून मुऱ्हा अशा ताज्या व्यालेल्या म्हशी विकत आणी, एक वेत दूध काढी आणि म्हैस आटली की तिला विकून टाकी. विकलेली म्हैस बहुतेक वेळा कत्तलखान्यात जाई. पशुवैद्य म्हणून मला यात सर्वांत मोठे नुकसान वाटते ते वेगळेच आहे. शहरात आणायला सर्वाधिक दूध देणाऱ्या म्हशीच निवडल्या जात, आणि त्यांना पुढची वेते कधीच मिळत नसत. ज्या जनावरांपासून जातिवंत पैदास व्हायला हवी, तीच पिढ्यान्‌पिढ्या कमी होत गेली.

रेडकाचे तर या हिशेबात स्थानच नव्हते, कारण ते विकायचे दूध पिते. पण रेडकू जवळ नसेल तर म्हैस सहसा पान्हा सोडत नाही. उपनगरातल्या एका तबेल्यात माझ्या पहिल्याच रात्री मी भुसा भरून शिवलेले रेडकाचे कातडे पाहिले. धार काढणाऱ्याने ते म्हशीसमोर धरले, तिने ते चाटले आणि कासेत दूध उतरले. नाशिकला दिवाळीच्या पाडव्याला गवळी समाज रेड्यांची शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून त्यांची मिरवणूक काढतो, ती लहानपणापासून पाहिलेला मी मुलगा. ते दृश्य मी आजही विसरू शकलेलो नाही. पान्ह्यासाठी म्हशीच्या योनिमार्गात हवा फुंकण्याची 'फुंका' नावाची याहून क्रूर पद्धतही पूर्वी होती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ती नाव घेऊन गुन्हा ठरवली.

आता आरेकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाचा तुटवडा आणि भेसळ दोन्ही वाढली, आणि सरकारला यात लक्ष घालावे लागले. पुढे दोन वेगळ्या वाटांनी काम झाले. पहिली वाट म्हणजे म्हैस गावातच ठेवून दूध मुंबईला आणणे. १९४५ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून पाश्चराइज केलेले दूध मुंबईला आणण्याची योजना सुरू झाली. तिचे कंत्राट एका खासगी डेअरीकडे होते, शेतकऱ्याला मिळणारा भाव अपुरा होता आणि त्यातून शेतकऱ्यांनी दूध घालणेच बंद केले. या लढ्यातून १४ डिसेंबर १९४६ रोजी आणंदला जो सहकारी संघ नोंदला गेला, तोच आज आपण अमूल म्हणून ओळखतो.

दुसरी वाट म्हणजे म्हशी शहराच्या मध्यातून उचलून शहराच्या कडेला नेणे. हे काम दारा खुरोडी यांचे. मुंबईचे दूध आयुक्त म्हणून त्यांनी गोरेगावच्या पूर्वेला टेकड्यांमधली सुमारे १३०० हेक्टर जागा या कामी लावली. १९४९ मध्ये वसाहत स्थापन झाली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वसाहतीत ३२ युनिटे बांधली गेली आणि जनावरांची संख्या सोळा हजारांच्या घरात ठरली, म्हणजे सरासरी एका युनिटात पाचशे म्हशी. एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. आरेच्या म्हशी सरकारच्या नव्हत्या. गोठा, पाणी, रस्ता आणि डेअरी सरकारची. म्हशी परवानाधारक तबेलेवाल्यांच्या. तबेलेवाला दर म्हशीमागे शुल्क भरी आणि दूध सरकारी दूध योजनेला देई. शेणाचे पाणी वाहून जाई त्या सखल जमिनीत पॅरा गवत लावलेले असे, आणि ते हिरवे गवत कापून पुन्हा गव्हाणीत येई. ही रचना तेव्हाच्या मानाने फारच दूरदृष्टीची होती, आणि खुरोडींविषयी मला मनापासून आदर आहे.

टोन्ड दुधाचे श्रेयही त्यांना दिले जाते. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात दूध भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणला, की तेवढ्याच म्हशींच्या दुधात कितीतरी अधिक मुलांची सोय होते आणि किंमतही उतरते. काचेची बाटली, वर पातळ पत्र्याचे झाकण, हातात दूधकार्ड आणि पहाटे केंद्रावर लागलेली रांग ही माझ्या आधीच्या पिढीतल्या मुंबईकरांची आठवण याच योजनेची आहे. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी आणि आणंदच्या संघाचे व्हर्गिस कुरियन व त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून देण्यात आला, म्हणजे त्या वर्षी दोन्ही वाटांचा एकत्र गौरव झाला.

पुढे मात्र आणंदची वाट रुंदावत गेली आणि आरेची अरुंद झाली. याचे कारण मी वर सांगितलेल्या गणितात आहे. आरेने म्हशीला स्वच्छ गोठा, मोकळी हवा आणि डॉक्टर दिला, पण एका वेताचा तो व्यवहार बदलला नाही. वैरण विकतचीच राहिली आणि भाकड म्हैस पोसणे तिथेही परवडेना. उलट आणंदच्या पद्धतीत जनावर शेतकऱ्याच्या दावणीलाच राहिले आणि थंड केलेले दूध तेवढे प्रवास करू लागले. हीच पद्धत नंतर महाराष्ट्रातही आली. आज सिन्नर-संगमनेरकडचे दूध टँकरमधून रात्री कसारा घाट उतरते आणि सकाळी मुंबईत चहाला लागते. ज्या संकरित गाईचे ते दूध असते, ती तिसऱ्या-चौथ्या वेतालाही आपल्याच गोठ्यात उभी असते.

माणसांविषयी आपण विचारलेत ते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. या टेकड्यांवर दुग्धवसाहतीच्या आधीपासून वारली आणि अन्य आदिवासी कुटुंबे राहत आली आहेत. आरेत त्यांचे २७ पाडे सांगितले जातात. गोठ्यांत काम करणारे बहुतेक जण मात्र पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले. मी पाहिलेल्या तबेल्यांत एका माणसाकडे दहा-बारा म्हशी असत. रात्री दोनच्या सुमारास पहिली धार निघे आणि दुपारी दोनच्या सुमारास दुसरी. मधल्या वेळात शेण काढणे, म्हशी धुणे, चारा-पेंड घालणे. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असल्याने तिला डुंबायला पाणी लागते, आणि तळे नसल्यामुळे ही माणसे उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा तिच्यावर पाणी मारत. गोठ्यालगत, बहुधा म्हशींच्या वरच्याच माळ्यावर, ते झोपत. कुटुंब गावाकडे असे. वर्षातून एकदा गावी जायचे, तेव्हा भाऊ किंवा पुतण्या बदली येई, आणि अशा रीतीने एकाच घरातल्या तीन पिढ्या त्याच दावणीवर येऊन गेलेल्या मला भेटल्या. पुस्तकांतून कासदाह (कासेला सूज येण्याचा रोग) शिकून आलेल्या मला, कासेला नुसता हात लावून कोणत्या सडात तो सुरू होणार आहे हे ओळखायला त्यांच्यातल्याच एका वयस्कर चाचांनी शिकवले. ते ज्ञान मी आजही निफाडच्या गोठ्यांत वापरतो.

तबेले शहराबाहेर नेण्याचे प्रयत्न आरेपाशी थांबले नाहीत. नागरी भागात गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा १९७६ चा आहे, आणि डहाणू तालुक्यातल्या दापचरीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या म्हशींसाठी दुग्धप्रकल्पही उभारला गेला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उपनगरांतल्या तबेल्यांत दाव्याला बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडून मेल्या, तेव्हा हा विषय पुन्हा जोराने निघाला. तरीही तबेले पूर्णपणे हलले नाहीत. तबेलेवाल्याचे गिऱ्हाईक त्याच्या दारापासून तासाभराच्या आत असते; मिठाईवाले, चहावाले आणि सुट्या, न तापवलेल्या म्हशीच्या दुधाचाच आग्रह धरणारी कुटुंबे पिशवीपेक्षा अधिक भाव देतात. दापचरीहून तेच दूध आणायचे तर ते गावाहून येणाऱ्या टँकरच्या दुधापेक्षा वेगळे उरत नाही.

आरेची जमीनही या काळात वेगवेगळ्या कामांसाठी दिली गेली. चित्रनगरी तिथेच झाली, आणि मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेली वृक्षतोड आपण बातम्यांत वाचलीच आहे. त्या वादात झाडांची बाजू मांडली गेली, पाड्यांचीही काही प्रमाणात मांडली गेली. गोठ्यांत झोपणाऱ्या माणसांचा उल्लेख मला क्वचितच आढळला. परवाना मालकाच्या नावे, जमीन सरकारची, आणि धार काढणाऱ्याच्या नावावर तिथे काहीच नाही. गोठा बंद झाला तर त्याला पुनर्वसनाच्या कोणत्याही यादीत जागा मिळण्याची शक्यता कमी आहे.

आपण मुंबईत असाल आणि हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर दुपारी दोननंतर गोरेगाव पूर्वेच्या बाजूने आरेत जावे. युनिटांचे क्रमांक रस्त्यावर लिहिलेले दिसतात. परवानगी विचारल्याशिवाय गोठ्यात शिरू नये, आणि दुसऱ्या गोठ्यातून आलेल्या चपला-बुटांनी तर मुळीच नाही, कारण लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा संसर्गजन्य रोग असाही पसरतो. धार संपली की तिथली माणसे चहा करतात आणि कोणी म्हशींविषयी विचारले तर मोकळेपणाने बोलतात.