सेंट्रल लाईन टाकल्यावर दर वेळी छातीचा एक्स-रे लागतोच का?
तुमचा प्रश्न असा की सोनोग्राफीवर बघून उजव्या मानेतून सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या व्हेनपर्यंत, म्हणजे शिरेपर्यंत, जाणारी नळी) टाकली, एका टोचण्यात गेली, तिन्ही पोर्टमधून (लाईनच्या बाहेरच्या तोंडांतून) रक्त छान येतंय, पेशंटचं बीपी पडलेलं आहे आणि सिस्टर म्हणतात एक्स-रे आल्याशिवाय बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड लाईनला जोडणार नाही, तर बरोबर कोण?

अशा पेशंटमध्ये फिल्मसाठी, म्हणजे एक्स-रेसाठी, थांबू नका, पण त्याआधी बेडजवळच्या तपासण्या झालेल्या हव्यात. मी आयसीयूत काम करतो. सुरुवातीची काही वर्षं मीही थांबायचो, पोर्टेबल मशीनची वाट बघत हाताच्या बारीक व्हेनमधूनच प्रेसर म्हणजे बीपी वाढवणारं औषध चालवत बसायचो, म्हणजे ज्यासाठी लाईन टाकली तेच काम अडलेलं.

एक्स-रेकडून आपल्याला मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात, फुप्फुसाला टोचलंय का आणि टिप म्हणजे लाईनचं आतलं टोक कुठे आहे. लाईन व्हेनमध्ये आहे की आर्टरीत (धमनीत) याची खात्री तो देत नाही आणि बऱ्याच जणांचा गोंधळ नेमका इथे होतो, फिल्म नॉर्मल आली की सगळं ठीक असं धरून चालतात. व्हेन की आर्टरी हे उत्तर डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालायच्या आधीच मिळवायचं असतं, सोनोग्राफीचा प्रोब ठेवून गाईडवायर (जिच्यावरून लाईन आत सरकवतात ती तार) व्हेनच्या आत आडव्या आणि उभ्या दोन्ही व्ह्यूमध्ये दिसली पाहिजे, तरी शंका राहिली तर प्रेशर ट्रान्सड्यूस करा, म्हणजे आतला दाब मोजा. रक्ताच्या रंगावर विसंबू नका, ऑक्सिजन कमी असलेल्या पेशंटच्या आर्टरीतलं रक्तही काळपट येतं.

न्यूमोथोरॅक्सचं (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठण्याचं) म्हणाल तर उताणा झोपलेल्या पेशंटमध्ये हवा पुढच्या बाजूला जमते आणि थोडी असेल तर फिल्मवर चक्क सुटते. तोच प्रोब छातीवर पुढून ठेवून लंग स्लायडिंग (श्वासाबरोबर फुप्फुसाचं सरकणं) बघा, अर्धं मिनिट लागतं, फक्त लाईन टाकण्याआधीही एकदा बघून ठेवा कारण काही जणांत स्लायडिंग आधीपासूनच नसतं आणि मग नंतर उगाच घाबरायला होतं.

टिपसाठी बबल टेस्ट करा. डिस्टल (टिपपाशी उघडणाऱ्या) पोर्टमधून हलवलेलं सलाईन जोरात फ्लश करायचं आणि इकोवर राईट एट्रियम (हृदयाचा उजवा वरचा कप्पा) बघायचं. बुडबुडे साधारण २ सेकंदांत दिसले तर लाईन हृदयाच्या दिशेनेच गेलीय, उशिरा आले किंवा आलेच नाहीत तर टिप दुसरीकडे वळली असण्याची शक्यता धरा आणि मग फिल्म काढाच. नेमकी किती सेंटीमीटर आत आहे हे मात्र फिल्मवरच नीट कळतं, कॅरायनाच्या (श्वासनलिका दोन भागांत फुटते त्या जागेच्या) आसपास टिप आहे का ते बघायचं.

म्हणून मी एक्स-रे बंद करा असं अजिबात म्हणत नाहीये. सब्क्लेव्हियन (कॉलरबोनखालच्या व्हेनमधली) असेल, डाव्या बाजूची असेल, दोन-तीनदा टोचावं लागलं असेल, मध्येच हवा ओढली गेली असेल, पेशंटला दम लागला किंवा छातीत दुखायला लागलं, किंवा सोनोग्राफीत काही नीट दिसलंच नाही, तर फिल्म हवीच. डाव्या बाजूचं तर मी फारच मनावर घेतो, तिथे लाईन वळून येते आणि टिप एसव्हीसीच्या (हृदयात येणाऱ्या वरच्या मोठ्या व्हेनच्या) भिंतीवर टेकून राहू शकते, आज काही वाटत नाही पण काही दिवसांनी भिंतीला भोक पडू शकतं. मांडीतल्या लाईनला छातीचा एक्स-रे काढून काय मिळणार ते मला कधी कळलेलं नाही.

एक पेशंट विसरू शकत नाही. सब्क्लेव्हियन, लगेच काढलेली फिल्म स्वच्छ, सगळे निर्धास्त, रात्री ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं आणि तासाभरात सॅच्युरेशन आणि बीपी दोन्ही कोसळले. टेन्शन न्यूमोथोरॅक्स होता, म्हणजे साठलेल्या हवेचा दाब फुप्फुसावर आणि हृदयावर आलेला. ती पहिली फिल्म त्या क्षणापुरतीच खरी होती आणि आम्ही तिच्या भरवशावर नंतर छातीला स्टेथोही नीट लावला नव्हता. पेशंट वाचला, पण तेव्हापासून पॉझिटिव्ह प्रेशर (व्हेंटिलेटरने दाबाने हवा देणं) सुरू केलं की मी परत प्रोब ठेवतो.

सिस्टरशी रात्री वाद घालू नका, त्या पेशंटच्या काळजीपोटीच अडवतायत आणि बहुतेक तुमच्या युनिटचा नियमच तसा असेल. त्यांना स्क्रीनवर वायर आणि बुडबुडे दाखवा, फाईलमध्ये काय बघितलं ते वेळेसकट लिहा, सीनियरला फोन करून नॉरअ‍ॅड सुरू करायला सांगा, फिल्म मागून येऊ दे. आणि ती आली की रिपोर्टची वाट न बघता स्वतः बघा, टिप बघा, दोन्ही बाजूंचे वरचे कोपरे बघा, आणि वायर आत राहिलेली नाही ना तेही बघा.