गेम ऑफ थ्रोन्सच्या शेवटच्या सीझनवर चाहते एवढे का संतापले, आणि तो राग रास्त होता का?

तुम्ही सातव्या सीझनपर्यंत मालिका पाहिली आहे, शेवट काय होतो हेही तुमच्या कानावर आले आहे, आणि तुमचा प्रश्न असा आहे की आवडत्या पात्रांचे वाईट झाले म्हणून लोक चिडले की लिखाणच खरोखर बिघडले होते. शिवाय उरलेले सहा भाग पाहावेत की नाही. पुढे कथानकातल्या सगळ्याच गोष्टी उघड होतील, हे गृहीत धरूनच वाचावे.

पात्रांचे वाईट झाले म्हणून लोक चिडले, हे मला पटत नाही. पहिल्याच सीझनमध्ये, 2011 साली, ज्याला आपण नायक समजत होतो त्या नेड स्टार्कचे मुंडके उडवले गेले. 2013 साली त्याचा मुलगा आणि बायको लग्नाच्या मांडवात कापली गेली. प्रेक्षक हादरले, काहींनी शिव्याही घातल्या, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा पडद्यासमोर येऊन बसले. याचे कारण असे की त्या प्रत्येक मरणाचा माग मागे जाऊन काढता येत होता. नेडने राणी सर्सीला स्वतःच सांगितले होते की तिचे गुपित आपल्याला ठाऊक आहे, आणि वर तिला पळून जायला वेळही दिला होता. त्याच्या मुलाने, रॉबने, फ्रे घराण्याला दिलेला लग्नाचा शब्द मोडला होता. पेरलेले उगवते, आणि बऱ्याचदा सज्जनाच्याच अंगणात उगवते, ही शिस्त या मालिकेने प्रेक्षकांना लावली. शेवटच्या सीझनमध्ये प्रेक्षकांनी तीच शिस्त मालिकेला लावून पाहिली, आणि हिशेब जुळेना.

तो का जुळेना, याचे मूळ थोडे मागे आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पहिला खंड 1996 साली आला आणि पाचवा 2011 साली. सहावा अजून आलेला नाही. सहाव्या सीझनच्या सुमारास मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. शेवटी कोण कुठे पोहोचते याचे ठळक मुद्दे मार्टिन यांनी डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या निर्मात्यांना सांगून ठेवले होते, म्हणजे मुक्काम माहीत होते. तिथवरचा रस्ता मात्र या दोघांना स्वतःच काढायचा होता. आणि नेमक्या याच टप्प्यावर त्यांनी भाग कमी केले. पहिल्या सहा सीझनमध्ये प्रत्येकी दहा भाग, सातव्यात सात, आठव्यात सहा, असे एकूण 73. मालिका दाखवणारी एचबीओ वाहिनी आणखी भागांसाठी पैसे द्यायला तयार होती. एवढ्यात संपवायचे हा निर्णय या दोघांचा होता. आपल्याकडे मालिकेला पाणी घालून वर्षानुवर्षे ताणली की लोक वैतागतात. इथे तक्रार बरोबर उलटी होती, की जे सावकाश शिजायला हवे होते ते घाईघाईने उरकले. पहिल्या भागात राजा विंटरफेलला पोहोचतो तेव्हा महिनाभराच्या प्रवासाबद्दल सर्सी कुरकुरते. सातव्या सीझनपर्यंत तेच खंड लोक असे ओलांडू लागले होते की जणू दादरहून ठाण्याला निघाले आहेत.

प्रत्यक्ष सीझन 14 एप्रिल ते 19 मे 2019 या काळात आला. अमेरिकेत रविवारी रात्री लागणारा भाग आपल्याकडे त्याच वेळी, म्हणजे सोमवारी सकाळी साडेसहाला, हॉटस्टारवर दिसत असे, आणि दुपारपर्यंत कोणीतरी काहीतरी फोडेल या धास्तीने अनेक जण कामावर जाण्याआधीच तो संपवून टाकत. सुरुवात खरे तर चांगली झाली होती. दुसरा भाग, ज्यात मृतांचे सैन्य दाराशी येण्याच्या आदल्या रात्री सगळी पात्रे शेकोटीपाशी बसून बोलतात आणि सर्सीचा भाऊ जेमी ब्रिएन या स्त्री योद्ध्याला ‘सर’ ही पदवी देतो, बहुतेकांना मनापासून आवडला. चाहते आधीपासूनच दात धरून बसले होते, असे म्हणणाऱ्यांनी या भागाचे झालेले कौतुक आठवून पाहावे.

तिसरा भाग ‘द लाँग नाइट’ इथून गाडी घसरली. 82 मिनिटांचा हा भाग, त्यातल्या लढाईचे चित्रीकरण 55 रात्री चालले होते, आणि लोकांची पहिली तक्रार काय, तर काही दिसतच नाही. आपल्याकडे तो 29 एप्रिलच्या सकाळी आला; त्याच दिवशी मुंबई, ठाणे, नाशिक या भागांत लोकसभेचे मतदान होते. मतदानाची सुट्टी, खिडकीतून येणारे चैत्राचे ऊन आणि हातातल्या फोनवर मिट्ट काळोखातली लढाई, असा तो योग होता. छायाचित्रकार फॅबियन वॅगनर यांनी दोष प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगवर ढकलला, त्यामुळे लोक अधिकच भडकले. मृतांच्या सैन्याचा राजा नाइट किंग याला नेडच्या मुलीने, आर्याने, मारले यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. मला त्यात फारसे वावगे वाटत नाही. मला खटकले ते पुढचे. मालिकेच्या अगदी पहिल्या दृश्यात ज्यांची दहशत दाखवली ते व्हाइट वॉकर एका रात्रीत संपले, त्यांच्या राजाला नेमके काय हवे होते ते धड कळले नाही, आणि उरलेल्या तीन भागांत त्या रात्रीचा परिणाम म्हणून फौज रोडावली यापलीकडे काहीच बदलले नाही.

चौथ्या भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी पेला विसरला गेला आणि जगभर हसे झाले. एचबीओने तो नंतर चित्रातून पुसून टाकला. एरवी ही गोष्ट किरकोळच आहे. पण त्याच भागात सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसचा ड्रॅगन सर्सीच्या बाजूच्या युरॉनच्या आरमाराने सहज टिपला, आणि भागानंतरच्या चित्रफितीत बेनिऑफ यांनी त्याचे स्पष्टीकरण असे दिले की डेनेरिस त्या आरमाराबद्दल जरा विसरूनच गेली होती. शत्रूचे आरमार कुठे आहे हे जिच्या सल्लागारांनी आदल्याच बैठकीत तिच्यासमोर मांडले, ती विसरली! हे वाक्य पुढे चाहत्यांनी एवढे फिरवले की मालिकेतल्या कुठल्याही संवादापेक्षा तेच जास्त प्रसिद्ध झाले असावे.

मग पाचवा भाग. सगळ्यात मोठा वाद डेनेरिसने किंग्ज लँडिंग ही राजधानी जाळण्यावरून झाला, आणि तो समजून घेण्यासाठी लोकांचे तिच्याशी काय नाते होते हे लक्षात घ्यावे लागते. 2018 साली अमेरिकेत पाचशेहून अधिक मुलींचे नाव ‘खलीसी’, म्हणजे मालिकेतली तिची पदवी, असे ठेवले गेले होते. त्या आईबापांची अवस्था कल्पून पाहा. तरीही, ती असे कधीच करणार नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. मीरीनच्या सरदारांना तिने खांबांवर खिळून मारले होते, शरण न येणाऱ्या टार्ली पितापुत्रांना जिवंत जाळले होते, आणि दुसऱ्या सीझनमध्येच तिला छप्पर उडालेला सिंहासनाचा महाल दिसला होता, ज्यात भुरभुरणारे पांढरे बर्फ होते की राख, हे कळत नव्हते. बीज पेरलेले होते. कमी पडला तो मधला काळ. सगळे आप्त एकेक करून गमावणे, तिचा प्रियकर जॉन याच्या जन्माचे रहस्य, त्याचे दूर जाणे, उत्तरेतल्या लोकांचा थंडपणा, हे सगळे दोन-तीन भागांत कोंबले गेले. शिवाय शहराने शरणागतीच्या घंटा वाजवल्यावर कॅमेरा काही क्षण तिच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा आपल्याला पुन्हा दिसत नाही. पुढचे सगळे रस्त्यावरून, राखेने माखलेल्या माणसांमधून दिसते. दिग्दर्शक मिगेल सापोच्निक यांची ही निवड भीती उभी करण्यासाठी उत्तम आहे, यात शंका नाही. पण ज्या क्षणी तिच्या मनात शिरणे सगळ्यात गरजेचे होते, नेमके त्याच क्षणी दार लावून घेतले गेले, आणि मग ज्याला त्याला आपापले कारण लावावे लागले.

माझ्या मते त्या भागातला खरा घोटाळा जेमीच्या बाबतीत झाला, आणि त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली. तिसऱ्या सीझनमध्ये हात तुटलेला जेमी वाफाळत्या हौदात ब्रिएनसमोर बसून, ज्या कृत्यासाठी जग त्याला तोंडावर राजहंता म्हणून हिणवते, त्याची हकीकत सांगतो. वेड्या राजाने शहरभर वाइल्डफायर या हिरव्या ज्वाळांच्या स्फोटक द्रव्याचे साठे पुरून ठेवले होते, सगळ्यांना जाळून टाका असा हुकूम तो देत होता, आणि ती लाखो माणसे वाचवण्यासाठी जेमीने आपल्या शपथेवर पाणी सोडून त्याला मारले. एका खलनायकाकडे पाहण्याची प्रेक्षकांची नजर त्या काही मिनिटांत बदलली. आणि आठव्या सीझनमध्ये त्याच शहरातल्या माणसांची आठवण त्याचा भाऊ टिरियन करून देतो तेव्हा हा जेमी काय म्हणतो, तर निरपराध असोत वा नसोत, त्यांची मला कधी फारशी पर्वा नव्हतीच. तो सर्सीकडे परत गेला, तिच्याबरोबर मेला, हे मी समजू शकतो. वाईट सवय असलेली माणसे परत जातातच. पण हे वाक्य त्याच्या तोंडी कसे आले? याहून गंमत अशी की शहर जळताना मधूनच हिरव्या ज्वाळांचे भडके उडताना दिसतात. म्हणजे ते पुरलेले साठे लेखकांच्या नीट लक्षात होते. ते कोणी आणि कशासाठी अडवले होते, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले नाही.

शेवटच्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. जॉन डेनेरिसला मारतो, ड्रॅगन सिंहासन वितळवतो, आणि हातात बेड्या असलेला टिरियन सरदारांना पटवून देतो की लोकांना एकत्र आणते ती गोष्ट, आणि नेडचा मुलगा ब्रान याच्याइतकी चांगली गोष्ट कोणाची आहे. प्रेक्षकांनी कपाळावर हात मारला, कारण ब्रान पाचव्या सीझनमध्ये एकदाही दिसला नव्हता, आणि सातव्यात त्याने स्वतःच सान्साला सांगितले होते की आपण कशाचेच स्वामी होऊ शकत नाही. पुस्तकांतही शेवटी तोच राजा होईल, असे मला वाटते. पण मालिकेने त्याला राजा म्हणून घडवलेच नाही. याच सभेत सॅमवेल सुचवतो की राजा सगळ्या लोकांनी निवडावा, आणि सगळे सरदार हसतात. आपल्याकडे हा भाग आला तो 20 मे रोजी, लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यामुळे त्या हसण्याला इथे जरा वेगळी धार होती.

रागाचे स्वरूप मात्र सगळे सारखे नव्हते. सीझन ‘सक्षम लेखकांकडून’ पुन्हा तयार करावा या मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. ही मागणी मला पोरकट वाटते, आणि सान्साची भूमिका करणारी सोफी टर्नर हिने हा राबलेल्या लोकांचा अनादर आहे असे म्हटले त्यात तथ्य होते. पण त्याच सुमारास लेखनावर सगळ्यात जहरी टीका करणाऱ्या रेडिटवरच्या चाहत्यांनी डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्कच्या, मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला हजारो पौंडांच्या देणग्या जमवून दिल्या. मालिकेच्या पहिल्या काही वर्षांत तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला दोनदा फुगवटा येऊन ती मरता मरता वाचली होती, हे तिने त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केले होते. चाहत्यांचा रोख कोणावर होता आणि कोणावर नव्हता, हे यातून बरेच कळते. दुसरीकडे, शेवटचा भाग अमेरिकेत त्या एका रात्रीत 1 कोटी 93 लाख लोकांनी पाहिला, आणि सीझनला 32 एमी नामांकनांपैकी 12 पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचाही होता. या आकड्यांवरून लोक समाधानी होते असे काही जण सिद्ध करू पाहतात, पण रुसलेला पाहुणाही पंगतीत शेवटपर्यंत बसतोच. आणि ‘या मालिकेचे आता कोणी नावही काढत नाही’ हे जे हमखास ऐकू येते तेही खरे नाही. 2022 साली तिची पूर्वकथा आली तेव्हा पहिल्याच रात्री अमेरिकेत जवळजवळ एक कोटी लोक हजर होते.

तेव्हा राग रास्त होता का, तर डेनेरिसच्या बाबतीत अर्धा, जेमीच्या बाबतीत पूर्ण, कॉफीच्या पेल्याच्या बाबतीत अजिबात नाही. उरलेले सहा भाग जरूर पाहा. दुसरा भाग निवांत पाहा, कारण ती पात्रे ओळखीच्या रूपात शेवटची तिथेच भेटतात. तिसरा भाग फोनवर पाहू नका. रात्री, दिवे घालवून, मोठ्या पडद्यावर पाहा, म्हणजे निदान कोण कोणाला मारतो आहे ते तरी दिसेल. आणि पाचवा भाग लावण्याआधी तिसऱ्या सीझनमधला तो हौदातला प्रसंग चुकूनही पुन्हा पाहू नका.