वायरमन म्हणतो लाइन मेली. सीलिंग उघडू का?

प्रश्न : ताराबाई पार्कात आमचा बंगला आहे. हॉल आणि वरच्या खोल्यांना मिळून एकच डक्टचा एसी, भिंतीवर थर्मोस्टॅट. मुलीनं अमेरिकेहून नवा थर्मोस्टॅट आणला, जावईबापूंनी बसवला आणि दोघं परत गेले. जुन्यावर आर, वाय, जी अशा तीन खुणांना वायरी होत्या, चौथी निळी नुसती गुंडाळून ठेवलेली. नव्यावर आकडे दिसतात, बर्फाचं चिन्ह येतं, पण ना आतला पंखा फिरतो, ना गच्चीवरचं मशीन. वायरमननं टेस्टर लावला, दिवा लागला नाही. म्हणाला, लाइन मेली, फॉल्स सीलिंग उघडून नवी वायर ओढू. शिवाय ह्यांचा हेका, की पडद्यावर ७५ डिग्री दिसतंय म्हणजे यंत्रच खुळं आहे. काय करू?

उत्तर : ताई, सीलिंगला हात लावू देऊ नका. टेस्टरमधला दिवा २४ व्होल्टवर लागतच नाही, त्याला त्याहून कितीतरी जास्त दाब लागतो. उद्यमनगरात आमच्याकडं मोटार भरायला आलेलं गिऱ्हाईकही टेस्टर लागला नाही की ‘करंट न्हाई’ म्हणून मोकळं होतं. इथं मल्टिमीटर लागतो.

अमेरिकेतले असले थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतात, मशीनमधला छोटा ट्रान्सफॉर्मर ते २४ बनवतो. आपल्याकडं मात्र कित्येक मशीनला भिंतीपर्यंत सरळ २३० आलेले असतात. म्हणून आधी जुन्या थर्मोस्टॅटच्या मागं काय छापलंय ते वाचा. आर म्हणजे वीज येणारी वायर, वाय गच्चीवरच्या मशीनची, जी पंख्याची; या खुणांवरून तो २४ चाच वाटतो. २३० असेल किंवा काहीच छापलं नसेल, तर नवा काढून ठेवा आणि डक्टचे एसी करणारा मेकॅनिक बोलवा.

२४ असेल, तर माझा पहिला संशय तुमच्या जावईबापूंवर. जुन्यावर एकच आर होता. नव्यावर बहुतेक आरसी आणि आरएच असे दोन असतील. आरसी थंड करणाऱ्या मशीनचा, आरएच घर तापवणाऱ्या भट्टीचा. कोल्हापुरात भट्टी कुणाला हवीय? लाल वायर आरएचमध्ये गेली आणि दोन्हींच्या मध्ये जोडतुकडा नसला, तर थंड करायच्या बाजूला वीज पोचतच नाही. पडदा मात्र आतल्या सेलवर उजळत राहतो, आणि घरच्यांना वाटतं सगळं चालू आहे. आतलं आणि गच्चीवरचं, दोन्ही एमसीबी पाडा, लाल वायर आरसीमध्ये घाला. मग एमसीबी वर करून तापमान खोलीपेक्षा खाली लावा आणि पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ नये म्हणून मुद्दाम उशीर ठेवलेला असतो.

तरीही नाही झालं, तर जावईबापूंना फोन करून विचारा, वायरी सोडवताना एमसीबी पाडला होता का. चालू लाइनवर लाल वायर निळीला टेकली असेल, तर आतल्या मशीनच्या बोर्डावरचा फ्यूज गेला असणार. मोटारगाडीत असतो तसला चपटा, ३ किंवा ५ अँपिअरचा. गाड्यांच्या पार्टच्या दुकानात मिळतो. जुन्यावर जो आकडा असेल तोच घ्या.

यापुढचं काम मेकॅनिकचं. त्याला बोर्डावर आर आणि सी (वीज परत जाणारी वायर) यांच्यामध्ये मीटर लावायला सांगा, २४ ते २८ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग भिंतीवरचा थर्मोस्टॅट काढून तिथं आर आणि जी जोडायचे, पंखा फिरला पाहिजे. वायही जोडला की गच्चीवरचं मशीन उठलं पाहिजे. दोन्ही चाललं तर वायरी धडधाकट, दोष थर्मोस्टॅटच्या जोडणीत. बोर्डावर २४ आहेत आणि भिंतीवर नाहीत, तर वायर ओढायच्या आधी पाण्याचा ट्रे बघायचा. निचऱ्याची नळी शेवाळानं तुंबली की ट्रे भरतो, आणि त्यातला फ्लोट स्विच लाइन तोडतो. पावसाळ्यात आपल्याकडं हे हमखास.

निळी वायर बहुधा सी असेल, पण रंगावर जाऊ नका, बोर्डाच्या बाजूला ती कुठं लावलीय ते बघूनच जोडा.

साहेबांना सांगा, ते ७५ फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले २४. सेटिंगमध्ये बदलता येतं.

आणि नवा फ्यूजही लगेच गेला, तर तिसरा घालायचा नाही. कुठंतरी वायर वायरीला टेकलीय, ती सापडेपर्यंत एमसीबी खालीच ठेवा, नाहीतर पुढची पाळी ट्रान्सफॉर्मरची.