हायडन आणि आजची रचना एकाच मैफलीत: ख्याल ऐकणाऱ्या माणसाला त्यातलं काही कळेल का?

तुम्ही लिहिलंय की लेकीकडे बॉस्टनला आला आहात, जुलैतल्या एका चेंबर म्युझिक कार्यक्रमाची तिकिटं तिनं काढली आहेत, पत्रिकेत अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन याचं ऑपस (म्हणजे रचना-क्रमांक) ७७ क्रमांक २ आणि आजच्या अमेरिकन संगीतकार कॅरोलिन शॉ यांचं 'आँत्राक्त' आहे. आयुष्यभर शास्त्रीय गाणं ऐकलं, हे कधीच नाही, तर जावं का?

जरूर जा. नेमक्या याच दोन रचना मी इकडे एका उन्हाळ्यात लागोपाठ ऐकल्या, आणि माझेही कान तोवर ख्यालावरच पोसलेले होते.

चेंबर म्हणजे खोली. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडा मोठा एक व्हियोला, खर्जातला एक चेलो: या चौघांच्या संचाला, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही, क्वार्टेट म्हणतात. समोर कंडक्टर नाही, बहुतेक ठिकाणी माइकही नसतो. आपल्या दिवाणखान्यातल्या बैठकीच्या हे फार जवळचं आहे. चौघं एकमेकांच्या श्वासाकडे बघून उठाव घेतात. ते दिसावं म्हणून शक्य तितकं पुढे बसा.

तुम्हाला अडेल ते 'सा'पाशी. आपल्याकडे तानपुऱ्यानं एकदा षड्ज धरला की राग संपेपर्यंत तो हलत नाही. इथे तो हलतो, आणि त्या हलण्यातच सगळी गंमत आहे. हायडननं हे क्वार्टेट १७९९ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी लिहिलं. त्यानं पूर्ण केलेलं हे शेवटचंच. त्याचा दुसरा भाग मिन्युएट, म्हणजे एका जुन्या युरोपीय नाचाच्या चालीवरचा आहे. मात्रा तीन-तीनच्या, पण आघात मध्येच दोन-दोनवर पडतात. हातावर ताल धराल तर सम निसटेल, आणि लयकारीचं वेड असेल तर मनापासून हसू येईल. मग ट्रिओ हा मधला भाग येतो. धावपळ थांबते आणि अगदी हळुवारपणे षड्ज बदलतो: आतापर्यंतचा कोमल धैवत आता 'सा' होतो. दार उघडून अंधाऱ्या, गार माजघरात पाऊल टाकावं, तसं काहीसं मला झालं.

शॉ यांनाही याच जागेनं पकडलं. ब्रेंटानो क्वार्टेटनं वाजवलेलं हे हायडन ऐकून त्यांनी २०११ मध्ये 'आँत्राक्त' लिहिलं. (दोन वर्षांनी एका वेगळ्या रचनेसाठी त्यांना पुलित्झर मिळालं, तेव्हा त्या अवघ्या तीस वर्षांच्या होत्या.) सांगाडा मिन्युएटचाच आहे. पण काही ठिकाणी गज तारांवरून असा फिरतो की स्वर उमटतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो. शेवटी बाकीचे तिघं गप्प होतात आणि चेलो एकटाच, गज न वापरता बोटांनी, जुनी गोष्ट आठवत बसल्यासारखा तारा छेडत राहतो.

मी ऐकलं तेव्हा शॉ आधी होत्या, हायडन मध्यंतरानंतर. तो षड्ज बदलला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दोनशे वर्षांपूर्वीची ती जागा त्या संध्याकाळी कुणीतरी नुकतीच शोधून काढल्यासारखी वाटली. म्हणून नवी रचना म्हणजे जुन्यासोबत गिळायचा काढा, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. १८२६ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनच्या एका क्वार्टेटचा शेवटचा भाग श्रोत्यांना इतका अगम्य वाटला, की प्रकाशकानं त्याच्याकडून दुसरा शेवट लिहून घेतला. तो नाकारलेला भाग, 'ग्रोसे फूगे', आज लोक आवर्जून ऐकायला जातात.

टाळ्यांचं म्हणाल तर हायडनचे चार भाग आहेत, चौथा संपल्यावरच वाजवा. मध्ये 'वाह' म्हणता येत नाही. मला ते अजूनही जड जातं. दोन भागांच्या मध्ये वादक सूर लावत बसले तर काही बिघडलं असं समजू नका. जुलैच्या दमट हवेत त्यांच्या तारा हलतात, आपला तानपुरा हलतो तशाच.

आवडलं, तर लेकीला व्हरमाँटमधल्या मार्लबरोला न्यायला सांगा. १९५१ पासून दर उन्हाळ्यात तिथे मुरलेले आणि तरुण वादक आठवडेच्या आठवडे एकत्र तालीम करतात. काय वाजवायचं हे कार्यक्रमाच्या जेमतेम आठवडाभर आधी ठरतं.

जाण्यापूर्वी हायडनचा तेवढा दुसरा भाग फोनवर चार-पाच वेळा ऐका, तो षड्ज बदलणारा क्षण ओळखीचा होईपर्यंत. शॉ यांची रचना मात्र आधी ऐकू नका. ती पहिल्यांदा त्या खोलीतच कानावर पडू दे.