दिवसभर ऐकते, पण लक्षच लागत नाही!

"हरिपाठ लावते, प्रवचनं ऐकते, पण मन भलतीकडेच असतं. मधेच डोळा लागतो. पाप लागत असेल का हो?" साठीच्या पुढच्या मंडळींकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट लिहावं म्हटलं. पुढे ज्या बाईंबद्दल लिहिलं आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन दीडेक वर्ष झालेलं. पहाटे फोनवर काकड आरती, मग हरिपाठ, स्वयंपाक करताना प्रवचन, दुपारी आडवं होताना गीतेचं निरूपण, रात्री कानात जप. सून "आई, जरा आवाज कमी करता का?" म्हणाली की राग यायचा, आणि देवाचं ऐकताना राग आला म्हणून वर अपराधी वाटायचं.

"काल दुपारी काय ऐकलंत?" मी विचारलं.

"गीतेवरचं काहीतरी. महाराज बोलतात छान."

"आणि फोन बंदच ठेवला तर?"

"घर खायला उठतं, मॅडम."

हे वाक्य यायला बऱ्याच भेटी गेल्या, पण पुढचा रस्ता त्यानेच दाखवला. एकच आवाज दोन कामं करत होता, सोबतीचं आणि श्रवणाचं. सोबतीच्या आवाजाकडे लक्ष नसतंच. असलं तर आमटी करपेल! बाई मात्र त्याला श्रवणाचे गुण देऊन स्वतःला रोज नापास करत होत्या.

"पण संतांचं वचन असं अर्धवट ऐकावं का?" त्यांनी विचारलं. यावर माझं मत सांगण्यापेक्षा मी दासबोध पुढे केला. त्याच्या चौथ्या दशकाचा, म्हणजे भागाचा, पहिला समास, म्हणजे प्रकरण, श्रवणभक्तीचा आहे. समर्थ काय काय ऐकावं याची लांबलचक यादी देतात आणि शेवटाकडे म्हणतात: हे अवघं ऐकावं, पण सार शोधून घ्यावं, असार जाणून टाकावं, याचं नाव श्रवणभक्ती. बाईंनी मोठ्याने वाचलं, तिथे थांबल्या, पुन्हा वाचलं. "म्हणजे सगळं धरून ठेवायचं नसतंच की!" मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं जमलं पाहिजे, आणि ते सरावानेच जमतं.

माझा कल आधी वागणं बदलण्याकडे. मन मागून येतं. म्हणून दिवसाची मांडणी बदलली. श्रवणाला सकाळची एकच वेळ: चहा झाल्यावर, खुर्चीत ताठ बसून, पुस्तक मांडीवर उघडं. एकच समास. दासबोधात 200 समासांत 7751 ओव्या, म्हणजे समासाला सरासरी चाळीसेक. दहाएक मिनिटांचं काम. तोच समास तीन दिवस. संपला की फोन उलटा ठेवून एक मुद्दा वहीत, स्वतःच्या शब्दांत. काही आठवलं नाही तर तारीख घालून पान कोरं सोडायचं.

ऑटोप्ले बंद करा, हे तर मी सगळ्यांनाच सांगते. एक प्रवचन संपलं की फोन आपणहून दुसरं लावतो: एक महाराज अद्वैत सांगतात, दुसरे व्रताचे नियम, तिसरे 'हे केलं नाही तर' म्हणून धाक घालतात. सार शोधणार कधी? ऐकायचं ते आधी डाउनलोड करून ठेवलं, तर ऐन जपात जाहिरातही घुसत नाही.

दुपारच्या झोपेत पाप कसलं? पोट भरलेलं, अंग टेकलेलं आणि आवाज संथ, मग डोळा लागणारच. रात्री मात्र निरूपण नको. अर्थ लावत मन जागं राहतं. संथ नामजप, इअरफोनऐवजी हळू आवाजात स्पीकर आणि अर्ध्या तासाचा टायमर पुरे. स्वयंपाकघरातला सोबतीचा आवाज तसाच राहू दिला, फक्त कुकरची शिट्टी ऐकू येईल इतका. पण काही आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बाई आता हरिपाठ संध्याकाळी स्वतः म्हणतात. सगळे अभंग नाहीत, पहिले पाचच, आणि मोठ्याने. म्हणताना तोंड गुंतलेलं असतं, श्वास सांभाळावा लागतो, ओळ चुकली की लगेच कळतं. सुनेची तक्रार आहेच, पण आता ती चालीबद्दल असते.