आठ महिन्यांनी फोन कोण करतं?

प्रश्न : ताई, माझी अगदी जवळची मैत्रीण आहे, चर्चच्या तरुण संघापासूनची. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा हार्ट अटॅकने अचानक गेला. सुरवातीला मंडळीतले सगळे रोज यायचे, प्रार्थना व्हायच्या, आता कोणी फिरकत नाही. मी मेसेज करते, काही लागलं तर सांग म्हणते, पण ती काहीच सांगत नाही. मागे एकदा मी म्हटलं की यात देवाची काहीतरी योजना असेल, तर ती एकदम गप्प झाली आणि तेव्हापासून माझ्या मेसेजवर नुसता अंगठा टाकते. उपासनेलाही येत नाही. तिचा विश्वास तर ढळत नाहीये ना? मी तिच्याशी नेमकं काय बोलू?

उत्तर : काय बोलू हे जरा बाजूला ठेवा, कारण अडचण तिथेच झालीये. देवाची योजना असेलही, पण ती तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, आणि जिचा नवरा गेलाय तिला त्या वाक्यातून एवढंच ऐकू येतं की देवानेच मुद्दाम नेलं, आता रडू नकोस. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला कळतं. तिला सध्या नाही कळणार.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढा, त्या देवभक्त माणसाची मुलं, मालमत्ता, तब्येत सगळं एकाएकी गेलं. आपण सगळे ते पहिले दोन अध्याय आणि शेवटचा वाचतो आणि मधलं सोडून देतो, खरी गंमत मध्येच आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र लांबून आले, ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथपर्यंत त्यांच्यासारखे मित्र नाहीत! मग ईयोब तोंड उघडतो, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणतो, आणि यांना राहवत नाही. अलीफज म्हणतो निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का, आणि बिल्दद तर आठव्या अध्यायात त्याला म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. ज्या बापाची दहाच्या दहा मुलं एका दिवसात गेली त्याला! आणि हे सगळं देवाची बाजू घेऊन चाललेलं बरं का. शेवटी देव काय म्हणतो, तर अलीफजाला म्हणतो तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे देवाशी भांडणारा चालला, देवाची वकिली करणारे नाही चालले. मला तर वाटतं सांत्वनाला निघालेल्या प्रत्येकाने घरून निघताना तो शेवटचा, ४२वा अध्याय वाचावा.

आता प्रभू येशूचं बघा. त्याचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, लाजराची बहीण मार्था भेटते आणि म्हणते प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, मग दुसरी बहीण मरिया येते ती पण तेच म्हणते. तक्रारच आहे ती सरळसरळ. आणि इथे तर येशूला योजना खरोखर माहीत होती, थोड्या वेळात लाजर जिवंत होऊन चालत बाहेर येणार होता. तरी तो मरियेला समजावत बसला नाही, ती रडत होती तर तो पण रडला. मार्थेशी पुनरुत्थानाबद्दल बोलला हे खरं, पण रडू नकोस असं त्याने दोघींपैकी कोणालाच म्हटलं नाही.

म्हणून आधी तुमच्या मैत्रिणीला एक साधा फोन करा, मेसेज नको. मी त्या दिवशी योजनेबद्दल बोलले ते चुकलं एवढं म्हणा आणि गप्प बसा, लगेच तिसरा विषय काढू नका. आणि "काही लागलं तर सांग" हे बंद करा बघू. ते म्हणायला सोपं आहे पण त्यात सगळं काम तिच्यावर पडतं, काय हवंय ते तिने शोधायचं, कोणाकडे मागायचं ते ठरवायचं, वर मागायची लाज, त्यापेक्षा ती गप्प बसणार. तुम्ही एक ठरलेली गोष्ट द्या. गुरुवारी संध्याकाळी मी येते आणि बँकेचे, विम्याचे जे कागद पडलेत ते दोघी मिळून बघू. किंवा मुलांना दोन तास मी नेते, तू झोप. ती नको म्हणाली तर नको, पुढच्या आठवड्यात परत विचारा. त्याचं नाव घ्यायला घाबरू नका, लोकांना वाटतं नाव काढलं की तिला आठवण होईल, अहो ती विसरलीये कुठे? त्याचा वाढदिवस, त्यांच्या लग्नाचा दिवस, वर्षाचा दिवस हे तीन दिवस फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, त्या दिवशी सकाळी फोन करणारी बहुतेक तुम्ही एकटीच असाल.

विश्वासाचं टेन्शन घेऊ नका. बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचलंय का? ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तिला प्रार्थना जमत नसेल तर तिच्या वाटची तुम्ही करा. आणि उपासनेला का येत नाहीस असं विचारण्यापेक्षा, या रविवारी मी घ्यायला येऊ का, आपण शेवटच्या बाकावर बसू आणि संपायच्या आधी निघू, असं विचारून बघा. पुष्कळदा उपासना नकोशी नसते, बाहेर दारात भेटणारे शंभर जण आणि त्यांचे प्रश्न नकोसे असतात.

प्रश्न : माझ्या मित्राची नोकरी गेली, कर्ज आहे. परवा रात्री म्हणाला आता जगण्यात अर्थ नाही, घरच्यांना मी ओझं झालोय. बायबलवर हात ठेवून माझ्याकडून वचन घेतलं की कोणाला सांगायचं नाही. काय करू?

उत्तर : वचन मोडा, आजच. बायबलच्या नीतिसूत्रांत म्हटलंय की मित्राने केलेले घाव विश्वासूपणाचे असतात, हा तसाच घाव आहे. आधी त्याच्याकडे जा आणि सरळ विचारा, तू जीव द्यायचा विचार करतोयस का? असं विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, ज्याने काही करून घेईल अशा वस्तू लांब करा, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला त्याच्यासमोरच सांगा आणि डॉक्टरकडे तुम्ही स्वतः बरोबर जा. तो आत्ताच काही करेल असं वाटलं तर थेट हॉस्पिटल. आत्महत्या पाप आहे हे भाषण कृपा करून नको, त्याला ते माहीत आहे आणि अपराधीपणा त्याच्याकडे आधीच भरपूर आहे. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून देवाला म्हणाला की पुरे झालं, माझा प्राण घे, तेव्हा देवाने त्याला रागावलं नाही, दूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, बोलणं त्याच्यानंतर. पाळकांना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना पण सांगा, प्रार्थना करतीलच, पण प्रार्थना करतोय म्हणून डॉक्टर नको असं कोणी म्हणालं तर त्यांचं अजिबात ऐकू नका.

प्रश्न : मैत्रीण सारखे पैसे मागते. तीनदा दिले, परत आले नाहीत. ती खरंच अडचणीत आहे, पण आता माझंच बजेट कोलमडलंय. नाही म्हणणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

उत्तर : शोभतं. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात पौल म्हणतो एकमेकांची ओझी वाहा आणि तीनच वचनं पुढे म्हणतो प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे, दोन्ही एकाच पानावर आहेत. घरात बोलून महिन्याला किती गेले तरी चालतील ते ठरवा, तेवढे द्यायचे तर दिले म्हणूनच द्या, उसने म्हणून नको, म्हणजे वसुलीचा हिशोब मनात राहत नाही आणि तिलाही तुमचं तोंड चुकवावं लागत नाही. त्याच्यावर मागितले तर नाही म्हणा, कारणं जोडत बसू नका. मात्र याकोबाने आपल्या पत्रात ज्यांना झापलंय त्यांच्यासारखं नुसतं "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून वाटेलाही लावू नका, तिच्याबरोबर बसून कोणाचं किती देणं आहे ते कागदावर मांडा, मंडळीचा मदतनिधी असेल तर ती हो म्हणाली तरच पाळकांकडे शब्द टाका. पहिल्यांदा नाही म्हणाल तेव्हा ती चिडेल बहुतेक. आठवड्याने तुम्हीच फोन करा, आणि त्या फोनमध्ये पैशाचा विषय काढू नका.