चार राउंड झाले, मग फोनच नाही

"मॅडम, मुलाखतीचे चार-चार राउंड घेतले आणि नंतर साधा फोनसुद्धा नाही. माझं काय चुकलं?" हा प्रश्न घेऊन वर्षातून पाच-सहा जण तरी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. या वेळी आली होती डिचोलीकडची चोवीस वर्षांची मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत आई. "बाय रात्री दोन-दोन वाजता उठून मेल बघते," एवढं सांगून आई बाहेर बाकावर जाऊन बसली.

मुलाखत पणजीत पाटोवरच्या एका कम्युनिकेशन्स, म्हणजे प्रसिद्धीचं काम करणाऱ्या कंपनीत. पहिली फेरी फोनवर. दुसरीत पाऊण तासात इंग्रजी प्रेस नोट आणि तिचंच मराठी. तिसरीत एका हॉटेलच्या पावसाळी पॅकेजसाठी प्रसिद्धीचा अख्खा आराखडा दोन दिवसांत करून द्यायचा. तिने १४ स्लाइड्स केल्या. चौथीत मुंबईचे साहेब व्हिडिओवर. ती बोलत होती तेव्हा ते मोबाइलमध्ये बघत होते. मध्येच म्हणाले, "मराठी मीडियम का?" ती अडखळली. त्याला तीन आठवडे झाले होते.

बाबांचा ट्रक खाणीवर चालायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: सरकारी नोकरी बघ, खाजगीचं काही खरं नाही. ही नोकरी लागली असती तर बाबांना उत्तर मिळालं असतं. म्हणून तर कंपनीचा अबोला तिला इतका झोंबला.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मीही इंग्रजीच्याच मागे लागले. आपल्याकडे गोव्यात सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून एकदम इंग्रजी. तो धक्का मी स्वतः खाल्लाय. त्यामुळे बोलायचा सराव कर असं सुचवून मी मोकळी झाले. तिचं रात्री उठणं वाढलं. वाढणारच, तिच्या शंकेवर मीच शिक्का मारला होता.

दुसऱ्या भेटीत कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे जे घडलं ते, उजवीकडे तिने लावलेला अर्थ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतला हा धागा: घटना वेगळी, तिच्याविषयीची आपली समजूत वेगळी, आणि त्रास बराचसा समजुतीचा. डावीकडे तिने लिहिलं, 'साहेब मोबाइल बघत होते', 'तीन आठवडे उत्तर नाही', 'प्रेस नोटमध्ये फक्त मथळा बदलायला सांगितला'. उजवीकडे तिन्ही ओळींसमोर एकच: माझं इंग्रजी वाईट. तिसऱ्या ओळीपाशी तिचं पेन थांबलं. "इंग्रजी वाईट, मग फक्त मथळाच का बदलायला लावला?"

मग तिला राग आला. बरं झालं. लिहिण्याची परीक्षा घेणं ठीक, पण खऱ्या हॉटेलचा आराखडा फुकटात करून घ्यायचा आणि पोचही द्यायची नाही, यात उमेदवाराचं काय चुकलं? मडगावच्या एका मुलाला याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं होतं: मराठी छान आहे, पण इफ्फी, म्हणजे चित्रपट महोत्सव, तोंडावर आलाय, आम्हाला इव्हेंट केलेला माणूस हवा. नकारच तो. पण आठवडाभरात तो दुसरीकडे अर्ज करत होता.

आम्ही चार ओळींचा मेल लिहिला: निर्णय काय झाला ते कळवा. दहा दिवस वाट बघायची, मग विषय बंद. उत्तर आलं नाही.

पुढची मुलाखत म्हापशात होती. फेऱ्या किती आणि उत्तर कधी, हे तिने आधीच विचारून घेतलं. आराखडा मागितला तेव्हा दोनच पानं दिली, तीही काल्पनिक हॉटेलची. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, नाही झालं." मागे पेटी वाजत होती. जत्रेच्या नाटकाची तालीम. महिनाभराने पहिल्यांदा गेली होती.

"नंतर बोलते हां, माझी एंट्री आली."